३१-० ने हरणारे देश आणि आपलं छोटं दुकान



सध्या बॅचला येणारा जवळपास प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतोय. "सर, सिंहस्थ तोंडावर आलाय. बाहेरून मोठे लोक येणार, ट्रक भरून माल आणणार, आपल्या खरेदीच्या भावात विकणार. आपण छोट्यांनी करायचं काय?"

याचं उत्तर मी व्हिडिओत फुटबॉलमधून दिलं. काहींना ते गंमत म्हणून सांगितलेलं वाटलं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

कुक आयलंड्स नावाचा एक देश आहे, प्रशांत महासागरात. लोकसंख्या साधारण पंधरा हजार. आपल्या त्र्यंबकची २०११ च्या जनगणनेत बारा हजारांच्या आसपास होती. म्हणजे समजा, उद्या आपण गावातली पोरं गोळा केली आणि थेट वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत उतरवली, तर कसं होईल? तसं हे लोक खरंच करतात. टोंगा, सामोआ, वानुआतू, फिजी, सॉलोमन बेटं, ताहिती, न्यू कॅलेडोनिया, असे मिळून अकरा सभासद फिफाच्या ओशनिया विभागात आहेत. फुटबॉलमध्ये त्यातला एकच मोठा, न्यूझीलंड, लोकसंख्या पन्नास लाखांच्या घरात. २००५ संपेपर्यंत ऑस्ट्रेलियासुद्धा याच विभागात होता. म्हणजे एका गल्लीत दोन मॉल आणि बाकी सगळ्या टपऱ्या!

आयएसएल बघणाऱ्यांना रॉय कृष्णा माहीत असेलच. २०१९-२० च्या हंगामात १५ गोल करणारा. तो या विभागातल्या फिजीचा. २०२३ मध्ये भुवनेश्वरला भारत आणि वानुआतूची मॅच झाली होती, त्यात ८१ व्या मिनिटापर्यंत आपल्याला गोल करता आला नव्हता. शेवटी सुनील छेत्रीने केला. तीन-सव्वातीन लाख वस्तीचा देश आहे तो. तेव्हा छोटे म्हणजे कच्चे, असं समजू नका.

आता ३१-० ची गोष्ट. ११ एप्रिल २००१, ऑस्ट्रेलियातलं कॉफ्स हार्बर. ऑस्ट्रेलिया विरुद्ध अमेरिकन सामोआ, स्कोअर ३१-०. एकट्या आर्ची थॉम्पसनने १३ गोल केले. फलकावर ३२ लागले होते, नंतर मोजून एक कमी केला. हा आकडा सगळे हसत सांगतात, पण त्यामागचं कारण फार कमी जण सांगतात. अमेरिकन सामोआच्या बहुतेक नेहमीच्या खेळाडूंकडे पासपोर्टची अडचण निघाली, ते अपात्र ठरले. त्याखालच्या वयोगटातल्या मुलांच्या शाळेच्या परीक्षा होत्या. मुख्य संघातला फक्त गोलकीपर उरला, निकी सलापू. बाकी पोरं भरती केली, काही तर पंधरा वर्षांची. म्हणजे हार मैदानावर झाली, पण तिची तयारी कागदपत्रांत झाली होती. ज्यांचं शॉप ॲक्ट, फूड लायसन्स किंवा जीएसटी "बघू पुढच्या महिन्यात" वर आहे, त्यांनी हा परिच्छेद परत वाचा.

पण मला खरी सांगायची आहे ती २००४ ची स्पर्धा. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला झाली. सहा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, पहिले दोन वर्ल्ड कप पात्रतेच्या पुढच्या फेरीत. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ते दोन म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड.

सॉलोमन बेटांचा हिशोब बघा. न्यूझीलंडकडून ते ०-३ ने हरले. सरळ हरले, त्यात काही चमत्कार नाही. पण वानुआतूला १-० ने, ताहितीला ४-० ने आणि फिजीला २-१ ने हरवलं. म्हणजे आपल्याच मापाच्या तिघांकडून पूर्ण नऊ गुण घेतले. शेवटी ऑस्ट्रेलियाशी २-२ बरोबरी केली, दोन्ही गोल कॉमिन्स मेनापीचे. एकूण १० गुण.

न्यूझीलंडने ताहितीला १०-० ने धुतलं होतं. पण एके दिवशी वानुआतूने त्यांना ४-२ ने गाठलं. न्यूझीलंडचे झाले ९ गुण, आणि ते बाहेर. ज्यांच्याकडून ०-३ खाल्ला त्यांच्याच वर सॉलोमन बेटं दुसऱ्या नंबरवर बसली.

आता यात काय काय झालं ते नीट पाहा. मोठ्याला सॉलोमनने पाडलंच नाही, त्याला पाडलं वानुआतूने. फायदा मात्र सॉलोमनला झाला, कारण त्यांनी बरोबरीच्यांसमोर एकही गुण सांडला नव्हता. वानुआतूने न्यूझीलंडला हरवून घरी गोष्ट सांगण्यापुरतं कमावलं, टेबलात ते खालीच राहिले. बीबीएला मार्केट शेअर नावाचं प्रकरण आम्ही अख्खं सेमिस्टर शिकलो. हे पाच निकाल वहीत लिहून काढले असते तर लवकर समजलं असतं.

आता दुकानात या. समजा तुमचं पूजासाहित्याचं दुकान आहे. तांब्याचा गडू मोठा माणूस तुमच्या घाऊक भावाच्याही खाली विकणार. तिथे तुम्ही हरणार आहात. हरा. पण ०-३ ने हरा, ०-१० ने नको. म्हणजे त्याच्या भावाला भाव लावून पदरचे पैसे घालू नका. तो माल समोर थोडाच ठेवा आणि तुमच्या भावाने विका. तुमचे गुण कुठे आहेत? शेजारच्या तुमच्याच आकाराच्या चार दुकानांसमोर. त्यांच्यापेक्षा तुम्ही पहाटे आधी उघडता का? ब्रह्मगिरीच्या फेरीच्या दिवशी, तिसऱ्या श्रावणी सोमवारी, तुमच्याकडे सुटे असतात का? विधीच्या यादीप्रमाणे सगळं साहित्य एका पिशवीत बांधून तयार मिळतं का, की गिऱ्हाईक तीन दुकानं फिरतं? रुद्राक्ष घेणाऱ्याला पक्कं बिल देता का? यातलं एकही मोठ्या भांडवलाचं काम नाही. आणि गिऱ्हाईक नव्वद टक्के वेळा तुमची तुलना मॉलशी करतच नाही, शेजारच्याशी करतं. (नव्वद हा माझ्या गल्ल्यावरचा अंदाज आहे, कुठल्या सर्व्हेचा नाही.)

दुसरी गोष्ट, स्पर्धेचे नियम. ३१-० नंतरच्या काळात ओशनियाने हळूहळू रचना बदलली. सगळ्यात लहान संघांनी आधी आपापसांत खेळायचं, जिंकेल तो पुढे. नोव्हेंबर २०११ मध्ये सामोआतल्या एपियाला अशी फेरी झाली. तिथे अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ ने हरवलं. फिफाच्या मान्यतेच्या सामन्यात त्यांचा हा पहिला विजय. गोलमध्ये कोण? तोच निकी सलापू, ३१ गोल खाल्लेला. पुढे कुक आयलंड्सशी १-१ झाली आणि सामोआकडून शेवटच्या क्षणाच्या गोलने हरले. ऑस्ट्रेलियाशी शंभर वेळा खेळून हा दिवस आला नसता. बरोबरीच्यांत खेळायला मिळालं म्हणून आला.

आणि सगळ्यात मोठा बदल २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी झाला. आधी ओशनियाला हक्काची जागा नव्हती. विभाग जिंका, मग दुसऱ्या खंडातल्या संघाशी प्लेऑफ खेळा. २०२२ ला न्यूझीलंड तिथेच कोस्टारिकाकडून ०-१ ने अडकलं. आता वर्ल्ड कप ४८ संघांचा झाला, ओशनियाला एक थेट जागा मिळाली आणि दुसऱ्या नंबरच्या संघाला प्लेऑफची संधी. २४ मार्च २०२५ ला ऑकलंडच्या ईडन पार्कवर फायनल झाली. न्यूझीलंडने न्यू कॅलेडोनियाला ३-० ने हरवलं आणि थेट जागा घेतली. पण तीन गोल खाऊन हरलेल्या न्यू कॅलेडोनियाला प्लेऑफचं तिकीट मिळालं. लोकसंख्या तीन लाखांच्या आत. जुन्या नियमात त्या हरण्याची किंमत शून्य होती. २०१७ मध्ये १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्याकडे झाला तेव्हाही ही मंडळी ओशनियात फायनल हरूनच भारतात आली होती आणि कोलकात्यात त्यांनी जपानला १-१ वर रोखलं होतं.

धंद्यातही अशा राखीव जागा असतात, आणि आपल्या लोकांना त्या माहीतच नसतात. केंद्र सरकारची मंत्रालयं आणि सरकारी कंपन्या यांना त्यांच्या वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करण्याचं बंधन आहे. आधी ते २० होतं. त्यातले ३ टक्के महिला उद्योजकांसाठी. यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती पूर्ण मोफत आहे. कोणी पाचशे-हजार मागितले तर उठून या. एक अट मात्र लक्षात ठेवा: हा कोटा वस्तू बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. किरकोळ दुकानदाराला उद्यमचा उपयोग मुख्यतः बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी. त्यामुळे घरी पापड, मसाले, अगरबत्ती, कापडी पिशव्या बनवणाऱ्या ताई, तुमचा हक्क माझ्यासारख्या दुकानदारापेक्षा इथे जास्त आहे.

पुढच्या व्हिडिओत उद्यम नोंदणी आणि जेम पोर्टलवरचं खातं, दोन्ही स्क्रीनवर करून दाखवतो. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल हाताशी घेऊन बसा. आणि त्याआधी एक काम करा. तुमच्याच आकाराच्या, तुमच्याच रस्त्यावरच्या चार दुकानांची नावं कागदावर लिहा, आणि प्रत्येकापुढे त्याच्याकडे गिऱ्हाईक का जातं ते एका ओळीत. मोठ्यांची नावं लिहू नका.