भूकंपाचा उगम : मोजमाप आणि अनिश्चितता

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे १८० माणसे प्राणास मुकली. शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यास तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. जलाशयाचा या भूकंपाशी संबंध आहे काय, हा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी एका आकड्यावर अवलंबून होते : खडक किती खोलीवर तुटला? उगम पाचसात किलोमीटरांवर असेल, तर जलाशयाचा भार आणि भेगांतून झिरपणारे पाणी यांचा परिणाम तेथवर पोहोचणे संभवनीय ठरते. तीस किलोमीटरांवर असेल, तर तो संभव पुष्कळच उणावतो.

तेथे उतरून मोजपट्टी लावणे शक्य नसते. भूकंपमापकाने रेखिलेली वेडीवाकडी रेषा, म्हणजे भूकंपालेख, हाच मुख्य पुरावा होय. शास्त्रज्ञ प्रथम उगमाची एक कल्पना गृहीत धरतात : त्याची खोली, प्रस्तरभंगाची दिशा व उतार, खडक कोणीकडे सरकला आणि त्यास किती वेळ लागला. या कल्पनेनुसार आलेख कसा उमटला असता, हे गणिताने काढून ते प्रत्यक्ष आलेखाशी ताडून पाहतात आणि तफावत कमीत कमी होईपर्यंत कल्पना सुधारीत जातात. सर्वांत चांगली जुळणारी कल्पना सापडली, की काम संपले असे वाचकास वाटेल. वस्तुतः ते अर्धेच झालेले असते. जवळजवळ तितक्याच चांगल्या जुळणाऱ्या दुसऱ्या कल्पना कोणत्या, हे तपासल्यावाचून उत्तरावर किती विसंबावे ते कळत नाही.

या अनिश्चिततेची मुख्य कारणे तीन आहेत.

पहिले कारण म्हणजे जमिनीची नित्याची थरथर. समुद्राच्या लाटा, वारा, वाहतूक यांमुळे ती कधीच पूर्णपणे थांबत नाही. बंगळूरच्या उत्तरेस गौरीबिदनूर येथे १९६५ च्या सुमारास अणुऊर्जा खात्याने ब्रिटनच्या सहकार्याने भूकंपमापकांची एक मालिका उभारली. भूमिगत अणुस्फोट ओळखणे हा तिचा मूळ हेतू होता. तेथे वीस मापके काटकोनात मिळणाऱ्या दोन रांगांत मांडलेली होती. लहर एका मापकाकडून दुसऱ्याकडे जाण्यास जो विलंब लागतो, तितके आलेख मागेपुढे सरकवून त्यांची बेरीज केली, की लहर वीसपट होते. थरथर मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी असल्यास सुमारे साडेचार पटच वाढते. अशा रीतीने हे कारण बरेचसे आवरता येते.

दुसरे कारण म्हणजे भूगर्भाविषयीचे अपुरे ज्ञान. कोयना परिसरात गोठणे येथे २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या तीन किलोमीटर खोल छिद्रात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइटी खडक आढळला. असे थर व त्यांतील लहरींचा वेग चुकीचा धरला, तर ती चूक साऱ्या गणितात शिरते आणि मापके वाढविल्याने जात नाही. म्हणून संभाव्य भूरचना आळीपाळीने घेऊन गणित पुनःपुन्हा करावे व उत्तर किती सरकते ते पाहावे, हाच उपाय.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे. उगमापासून वर जाऊन भूपृष्ठावरून परावर्तित झालेली लहर सरळ लहरीच्या मागोमाग दूरच्या केंद्रावर पोहोचते. पाच किलोमीटर खोलीसाठी हे अंतर दोन सेकंदांहूनही कमी असते. खडक तुटण्याची क्रिया स्वतःच काही सेकंद चालत असल्यास दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात. मग ‘थोडा खोल उगम व अल्प काळ’ आणि ‘उथळ उगम व दीर्घ काळ’ या दोन कल्पना जवळजवळ सारखाच आलेख देतात.

अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स लँग्स्टन यांनी १९७६ मध्ये दूरदूरच्या केंद्रांवरील आलेखांवरून कोयनेच्या उगमाची खोली ४.५ ± १.५ किलोमीटर आणि भूकंपाचा आघूर्ण (३.२ ± १.४) × १०^२५ डाइन-सेंटिमीटर काढला. खोलीची मर्यादा ३ ते ६ किलोमीटर येते. म्हणजे खालची सीमा धरली तरी उगम उथळच राहतो. आघूर्णात चाळीस टक्क्यांहून अधिक शंका दिसते. परंतु भूकंपमान घातांकी असल्याने ते केवळ ६.१ ते ६.४ यांदरम्यान हलते. अनिश्चितता मोठी की लहान, हे विचारलेल्या प्रश्नावर ठरते. उथळ उगमावरून जलाशयाचा संबंध सिद्ध होत नाही, केवळ शक्य ठरतो. त्यास बळकटी आली ती पुढील काळात पाण्याच्या पातळीतील चढउतार व भूकंप यांची सांगड घालून.

± चिन्हापुढील आकडाही गृहीत धरलेल्या कल्पनेपुरताच खरा असतो, हे विसरू नये. वृत्तपत्रांत भूकंपाची खोली पुष्कळदा नेमकी ‘१० किलोमीटर’ छापलेली आढळते. पुरेसा पुरावा नसेल, तेव्हा गणित पुढे जावे म्हणून धरलेला तो सोयीचा आकडा असू शकतो. पूर्वी याच कामी ३३ किलोमीटर धरीत असत. म्हणून असा आकडा वाचताना तो मोजलेला आहे की मानलेला, आणि मोजलेला असल्यास त्याची मर्यादा काय, हे वाचकाने अवश्य विचारावे.