चित्राची वाट : लेखांक ११ – टक्के कमी आहेत? स्मरणचित्र पक्कं करा

आज पोर्टफोलिओबद्दल लिहायचं ठरलं होतं. तो लेख पुढच्या रविवारी. गेल्या लेखातलं प्रवेशाचं वेळापत्रक वाचून जी पत्रं आली, त्यांतल्या बहुतेकांचा सूर एकच आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका वडिलांनी तो सगळ्यांत मोकळेपणाने मांडला आहे : ‘मुलीला बारावीला बावन्न टक्के पडले. हात चांगला आहे, पण एवढ्या टक्क्यांवर बीएफएला अर्ज भरून उपयोग आहे का? घरचे म्हणतात, वर्ष थांबून श्रेणीसुधारची परीक्षा दे, टक्के वाढव, मग बघू.’

उपयोग आहे. आणि श्रेणीसुधारासाठी वर्ष घालवू नका. हे इतक्या ठामपणे का म्हणतो, ते सांगतो.

कुठल्याही प्रवेशात बारावीच्या टक्क्यांची दोन वेगवेगळी कामं असू शकतात. एक, अर्ज करायला तुम्ही पात्र आहात की नाही ते ठरवणं. दुसरं, गुणवत्ता यादीत तुमचा क्रमांक लावणं. आपल्याकडचे पालक ही दोन्ही एकच समजतात, कारण अकरावीच्या प्रवेशापासून त्यांना तीच सवय लागलेली असते. राज्यातल्या कला महाविद्यालयांत बीएफएसाठी किमान टक्क्यांची अट असते, ती चाळीस-पन्नासच्या पट्ट्यात, मागासवर्गीयांसाठी त्याहून खाली. ती पार केली की टक्क्यांचं काम संपलं. पुढची यादी सीईटीच्या गुणांवर लागते. बावन्नवाली आणि ब्याण्णववाली एकाच रांगेत, एकाच ओळीवर उभ्या असतात. अहमदाबादच्या एनआयडीला आणि आयआयटी मुंबई घेते त्या ‘यूसीड’ला बारावी उत्तीर्ण असणं पुरतं, क्रमांक त्यांच्या परीक्षेवर ठरतो. निफ्टमध्येही बारावी उत्तीर्ण झालं की पुढचा निवाडा त्यांच्या परीक्षेतच होतो. पदवीनंतर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचं असेल, तर ते पदवीच्या टक्क्यांपेक्षा किमान सहा नाटकांत काम केलं आहे का, हे विचारतात.

काही खासगी विद्यापीठं आणि परराज्यांतल्या संस्था बारावीचे गुणही धरतात. म्हणून माहितीपुस्तिका हातात आली की आधी दोनच परिच्छेद शोधा : ‘पात्रता’ आणि ‘गुणवत्ता यादी कशी लावली जाईल’. त्या त्या वर्षीची पुस्तिका घ्या, शेजारच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी भरलेल्या अर्जावर विसंबू नका. पात्रतेच्या रेषेखाली असाल, तरच श्रेणीसुधाराचा विचार करा. रेषेच्या वर एक टक्का जरी असेल, तरी ते सगळं वर्ष हाताला द्या.

आता हाताला द्यायचं म्हणजे नेमकं कशाला? आजचा उरलेला लेख त्यावरच घालवणार आहे, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

सीईटीत चार पेपर असतात, प्रत्येकी ५० गुणांचे : वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान. पहिली तीन नावं महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या कुणालाही ओळखीची वाटतील. एलिमेंटरी-इंटरमिजिएट देताना हीच नावं वेळापत्रकात असायची. म्हणजे १५० गुणांच्या पेपरांशी मुलीची आठवी-नववीतच गाठ पडलेली आहे. यातल्या वस्तुचित्राची तयारी सगळे करतात. घरात तांब्या, टोमॅटो आणि घडी घातलेला टॉवेल मांडून मुलं महिनोन्‌महिने बसतात. संकल्पचित्राला क्लास लावतात. स्मरणचित्र मात्र परीक्षेच्या आधीच्या आठवड्यावर सोडून देतात, आणि तेही पाठ करून. कुठल्या तरी मार्गदर्शकातली ‘भाजी मंडई’ जशीच्या तशी गिरवून ठेवायची आणि विषय ‘एसटी स्टँड’ आला की भाजीवालीच्या हातातली जुडी काढून पिशवी द्यायची. तपासणाऱ्यासमोर अशा मंडया ढिगाने येतात. त्या ढिगात खरोखर पाहून काढलेलं एक चित्र आलं की ते लगेच वेगळं दिसतं.

‘एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहणारे प्रवासी’ हाच विषय घेऊ. बहुतेक मुलं एका ओळीत पाच माणसं उभी करतात, सगळी समोर तोंड करून. मग लांबची माणसं दाखवायची म्हणून लहान काढतात आणि ती हवेत तरंगायला लागतात. इथे एकच नियम कळला तर निम्मं चित्र सुटतं. कागदावर आधी दृष्टिरेषा आखा. तुम्ही सपाट जमिनीवर उभे राहून पाहत असाल, तर तुमच्या उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाचं डोकं त्या रेषेवरच येतं, तो दोन हातांवर असो की फलाटाच्या टोकाला. दूर जाईल तसे वर सरकतात ते त्याचे पाय. बाकावर बसून पाहत असाल तर दृष्टिरेषा खाली येते आणि सगळ्या उभ्या माणसांना कमरेच्या थोडं वर कापते, जवळच्यालाही आणि लांबच्यालाही. आईचा हात धरलेलं पोर आईच्या कमरेला लागत असेल, तर ते फलाटाच्या टोकालाही कमरेलाच लागेल. एवढं सांभाळलं की गर्दी जमिनीवर उभी राहते.

दुसरी गोष्ट वजनाची. उभा माणूस दोन्ही पायांवर सारखा भार देऊन फार वेळ उभा राहत नाही, आणि गाडी उशिरा येणार असेल तर मुळीच नाही. एका पायावर सगळा भार असेल, तेव्हा गळ्याखालच्या खळग्यातून सरळ खाली ओळंबा सोडा, तो भार घेतलेल्या पावलावर येतो. त्या बाजूची कंबर वर उचलली जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली झुकतो. कडेवर मूल घेतलेली बाई पाहा : मुलाच्या बाजूची कंबर बाहेर काढलेली, अंग दुसऱ्या बाजूला कललेलं. उजव्या हातात जड पिशवी असलेला माणूस डावीकडे झुकतो आणि त्याचा डावा हात अंगापासून सुटतो. चेहरा काढला नाही तरी चालेल, पण हा कल काढा. नाक-डोळे नसलेली पण वजन असलेली आकृती परीक्षकाला पटते. सुबक डोळ्यांचा ताठ बाहुला पटत नाही.

तिसरी गोष्ट मांडणीची. एखादी मोठी आकृती अगदी पुढे घ्या, पाठमोरी आणि कागदाच्या कडेने कापलेली असली तरी हरकत नाही. मधे तिघा-चौघांचा एकमेकांना झाकणारा घोळका, मागे नुसत्या गडद-फिक्या आकारांची माणसं. प्रकाश एकाच बाजूने. बास.

हे शिकवायची पद्धत जुनी आहे, आणि तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ऑरास लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे एक शिक्षक होते. चित्रकाराच्या स्मरणशक्तीला वळण कसं लावायचं, यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. विद्यार्थ्यांना ते सोप्या आकारांपासून सुरुवात करायला लावत आणि एकेक पायरी चढवत. पुढे मुलं लूव्हरमध्ये जाऊन चित्रासमोर नुसती उभी राहत, मनात साठवत आणि परत येऊन काढत. आल्फोन्स लग्रो या त्यांच्या विद्यार्थ्याने होल्बाइनचं इरॅस्मसचं व्यक्तिचित्र असं आठवणीतून उतरवलं होतं. त्यांच्याच हाताखाली १८५४ मध्ये चौदा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. शाळेत तो मागे पडलेला होता, नजर अधू होती. लकॉक शिकवत त्या ‘छोट्या शाळे’तून बाहेर पडल्यावर त्याने मोठ्या, मानाच्या ‘एकोल दे बोझार’ची प्रवेशपरीक्षा दिली, आणि तीनदा नापास झाला. हा मुलगा म्हणजे ओग्युस्त रोदँ. मोठ्या शाळेने त्याला घेतलं नाही, पण लकॉकांनी दिलेली नजर त्याच्याकडेच राहिली. उतारवयातली त्याची रेखाटनं पाहा : समोर मॉडेल हलत असे, रोदँची नजर तिच्यावर, आणि कागदाकडे न पाहता हात चालत असे.

रोदँचं उदाहरण मी दिलासा म्हणून देत नाही. नापास झालेला प्रत्येक जण रोदँ होत नाही. मुद्दा एवढाच की पाहून लक्षात ठेवणं ही शिकता येणारी गोष्ट आहे, तिला पायऱ्या आहेत, आणि त्या चढायला ना बारावीचे टक्के लागतात ना महागडा क्लास. उलट गावातल्या मुलीला इथे पुण्या-मुंबईच्या मुलीहून जास्त मिळतं. तिच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्यावर आठवडी बाजार भरतो. बैलाची शिंगं धरून उभा असलेला शेतकरी, तराजू उचललेला हात, पोत्यावर टेकलेली म्हातारी हे सगळं तिथे दर आठवड्याला आयतं मांडलेलं असतं.

करायचं असं. छोटी वही आणि बॉलपेन घ्या. बॉलपेन अशासाठी, की खोडता येऊ नये. बाजारात एका जागी उभं राहून पाच मिनिटं फक्त पाहा, वही पिशवीतच राहू द्या. पाहताना मनात बोला : भार डाव्या पायावर, खांदा झुकलेला, पिशवी गुडघ्याला लागते. मग पाठ फिरवा आणि दहा मिनिटांत काढा. त्यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि मुलं नेमकी तीच गाळतात : परत वळून त्याच माणसाकडे पाहा आणि काय चुकलं ते चित्राशेजारी शब्दांत लिहा. तो माणूस निघून गेला असेल तर तसाच उभा असलेला दुसरा शोधा. कोपर कमरेपाशी येतं, हे एकदा चुकून आणि लिहून ठेवलं की परीक्षेच्या दालनात ते आपोआप हातातून येतं.

एक गोष्ट बजावून सांगतो. कमी टक्केवाल्या मुलांना वाटतं की कला महाविद्यालयात पुस्तकाशी संबंध सुटतो. सुटत नाही. कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र शिकावं लागतं, त्यांचे लेखी पेपर असतात. सीईटीतलेही सामान्य ज्ञानाचे ५० गुण कुणी आंदण देत नाही. अजिंठा कोणत्या शतकांतलं, लघुचित्रांच्या शैली कोणत्या, पूरक रंग म्हणजे काय, हे रोज थोडं थोडं वाचा. आवडीच्या विषयावरचं वाचन बारावीच्या पुस्तकांपेक्षा सहज डोक्यात शिरतं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

तेव्हा साताऱ्याच्या त्या वडिलांना माझं सांगणं : अर्ज भरा. बावन्नचे साठ करण्यात मुलीचे जे महिने जातील, त्यांत तिच्या वह्या भरतील, आणि सीईटीत उपयोगी पडतील त्या वह्याच. गुणपत्रिकेवरचा आकडा आता बदलायची गरज नाही. तिच्या हाताला मात्र परीक्षेच्या सकाळपर्यंत सुधारायला वाव आहे.

पुढच्या रविवारी पोर्टफोलिओ. तोवर वरच्या पद्धतीने रोज एक पान काढा, सगळी पानं जपून ठेवा, फसलेलीसुद्धा. पोर्टफोलिओत काय ठेवायचं हे ठरवताना आपण या वहीपासूनच सुरुवात करणार आहोत.