घराआधी वस्ती पाहावी

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्या आजी-आजोबांच्या काळी जितकी खरी होती तितकीच ती आजही आहे. फरक पडला आहे तो एवढाच की, त्या काळी माणूस घर बांधी ते बहुधा स्वतःच्या गावात. ओढ्याला पूर आला म्हणजे पाणी कुठवर चढते, वैशाखात विहीर आटते की काय, पलीकडच्या आळीतली माणसे अडीअडचणीला धावून येतात की नाही, हे त्याला कोणाला विचारावे लागत नसे. आज पुष्कळांच्या बाबतीत स्थिती नेमकी उलट असते. घर दुसऱ्याने बांधलेले, वस्ती अनोळखी, आणि कित्येकदा राज्य आणि भाषाही निराळी!

असे एक कुटुंब आपण डोळ्यांपुढे आणू या. गृहस्थांची तीस-पस्तीस वर्षे रेल्वेच्या नोकरीत गेली. भुसावळ, इटारसी, सिकंदराबाद अशा बदल्या झाल्या आणि प्रत्येक ठिकाणी वसाहतीतले घर तयार मिळाले. शेजार कसा असावा, शाळा किती लांब असावी, हे ठरविण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नाही. आता निवृत्ती जवळ आली आहे. मुलगा बंगळूरला नोकरीस आहे, तेव्हा तिकडेच घर घ्यावे असा बेत ठरतो आहे. घरात ऐंशीच्या पुढची आई आहे, शाळेत जाणारी नात आहे. जन्मभराची पुंजी एकाच वेळी एकाच जागेत घालावयाची, आणि त्या जागेविषयीचे ज्ञान म्हणजे काय, तर एक रंगीत माहितीपत्रक आणि रविवारी दुपारी मारलेली एक फेरी!

वाचकहो, आपणही कदाचित अशाच उंबरठ्यावर उभे असाल. म्हणून एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. घरातले बहुतेक दोष पैशाने दूर करता येतात. फरशी बदलता येते, गळणारे छत दुरुस्त होते, ओटा उंच करून घेता येतो. वस्ती मात्र कोणालाही एकट्याने दुरुस्त करता येत नाही. म्हणून घराकडे पाहण्यात जेवढा वेळ आपण घालवितो, त्याहून अधिक वेळ त्याच्या सभोवतालकडे पाहण्यात घालविणे शहाणपणाचे ठरते.

जमिनीची आठवण

माणसे विसरतात, जमीन विसरत नाही. जिथे एकेकाळी तळे होते, तिथे पावसाळ्यात पाणी पुन्हा आपली जागा शोधीत येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेकाठच्या पुण्यातील सखल पेठा पाण्याखाली गेल्या. ती आठवण पुण्यातील जुन्या घराण्यांत अजून सांगितली जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यास नोंद झाली ती सुमारे ७३ मिलिमीटरची. म्हणजे 'मुंबईचा पाऊस' असे मोघम विचारून भागत नाही. कोणत्या भागाचा, कोणत्या नाल्याच्या काठचा, हे विचारावे लागते. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत अड्यार नदीने काठ ओलांडला. जुलै २०२३ मध्ये दिल्लीत जुन्या रेल्वे-पुलाजवळ यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली. १९७८ च्या पुराचा विक्रमही त्या वेळी मागे पडला.

जमिनीची ही आठवण बऱ्याचदा स्थळांच्या नावांत टिकून राहते. कन्नडमध्ये 'केरे' म्हणजे तलाव, तमिळमध्ये 'एरी', तेलुगूत 'चेरुवु' आणि लहान तळ्यास 'कुंटा', बंगालीत 'पुकुर'. उत्तरेत नदीच्या पुराच्या पट्ट्यास 'खादर' म्हणतात आणि उंचवट्याच्या जुन्या जमिनीस 'बांगर'. गोव्यात खाडीचे पाणी बांधांनी अडवून काढलेली खाजण जमीन सर्वांच्या परिचयाची आहे. बंगळूरचे मुख्य बसस्थानक ज्या जागी उभे आहे तिथे पूर्वी धर्मांबुधी तलाव होता, आणि चेन्नईतील त्यागराय नगर वसले ते १९२० च्या दशकात एक मोठा तलाव मोकळा करून. अशा नावाची प्रत्येक वस्ती धोक्याचीच असते असे मुळीच नाही. परंतु नावात तळे दिसले की, ते पाणी आता कुठल्या वाटेने जाते, एवढे विचारण्याचा हक्क आपल्याला निश्चित आहे.

विचारण्याचीही एक रीत असते. 'इथे पाणी भरते का?' असे विचारले की उत्तर बहुधा 'छे, छे!' असेच येते. त्याऐवजी कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानदाराला विचारावे, 'मागच्या मोठ्या पावसात आपण दुकानातला माल कुठे हलविला होता?' तो क्षणभर थांबून सांगू लागेल ते कान देऊन ऐकावे. जुन्या घरांची जोती रस्त्यापासून किती उंच आहेत, विजेचे मीटर छातीपेक्षा वर बसविले आहेत काय, कुंपणाच्या भिंतीवर ओलीची आडवी रेघ दिसते काय, हे पाहावे. या खुणा पूर पाहिलेल्या माणसांनी आणि पुराच्या पाण्याने मागे ठेवलेल्या असतात.

पाण्याचा हिशेब

पावसाचे पाणी नको तेव्हा येते. नळाचे पाणी हवे तेव्हा येतेच असे नाही. आपल्या देशात शहरी माणसासाठी दररोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण धरण्यात येते. पाच माणसांच्या कुटुंबास त्या हिशेबाने ६७५ लिटर लागतात, आणि अशी चाळीस कुटुंबे एका इमारतीत असली तर २७,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तरी नळ कोरडा पडताच दिवसाला जवळजवळ तीन टँकर हवेत. तेव्हा इमारतीच्या पहारेकऱ्याला एवढेच विचारावे की, एप्रिल-मे महिन्यांत दारात टँकर किती येतात आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी पडतो. कूपनलिका असल्यास ती किती खोल गेली आहे, तेही विचारावे. गृहिणींना हे प्रश्न सुचवावे लागत नाहीत. म्हणून घर पाहावयास जाताना त्यांना केवळ स्वयंपाकघराचे मत विचारण्यासाठी नेऊ नये, वस्ती पाहण्यासाठी न्यावे.

एकच रस्ता, चार वेळा

घर दाखविणारा मनुष्य आपल्याला सुट्टीच्या दिवशी, उजेडात आणि बहुधा कोरड्या ऋतूत नेतो. त्यात त्याचा दोष नाही, पण त्यावर आपण विसंबू नये. तोच रस्ता निदान चार वेळा पाहावा : सकाळी शाळा-कचेऱ्यांच्या वेळी, दिवेलागणीला, रात्री दहानंतर, आणि भर पावसात.

सकाळी कळते ते वाहतुकीचे. नकाशावरचा दोन किलोमीटरचा पल्ला फाटकापाशी वा पुलाखाली अर्धा तास घेतो की काय, हे त्या वेळी तिथे उभे राहिल्यावाचून समजत नाही. दिवेलागणीला रस्त्यावर दिवे लागतात काय, मुली शिकवणीहून निर्धास्त परततात काय, हे दिसते. रात्री कळतो तो आवाज. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. परंतु मंगल कार्यालयाच्या मागच्या भिंतीला लागून बिऱ्हाड थाटल्यावर नियमाचे पुस्तक उशाला घेऊन झोप येत नाही! आणि पावसाळा म्हणजे कोणता, हेही त्या त्या प्रदेशाला विचारावे. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो; जूनमध्ये तिथे जाऊन 'पावसाळ्यातही रस्ते कोरडे आहेत' असा निष्कर्ष काढणारा महाराष्ट्रीय हमखास फसतो.

यांपैकी एक फेरी घरातल्या वृद्ध माणसाबरोबर पायी करावी. दवाखाना, औषधाचे दुकान, बँक, भाजीबाजार आणि बसचा थांबा इथवर आईच्या चालीने जाऊन पाहावे. कुठे पदपथ संपतो, कुठे रस्ता ओलांडताना तिचा हात आपला दंड घट्ट धरतो, कुठे ती टेकावयास जागा शोधते, हे त्या चालीत आपोआप उमगते. आपल्या दहा मिनिटांची तिची पंचवीस मिनिटे होतात. जी वस्ती तिला पायी झेपत नाही, त्या वस्तीत ती पुढची वर्षे खिडकीपाशी बसून काढील, हे ध्यानात घेऊन मगच निर्णय करावा.

कागद काय सांगतात

डोळ्यांनी पाहिलेल्याची कागदाशी गाठ घालणे अवश्य आहे. २०१६ साली संसदेने केलेला स्थावर संपदा अधिनियम, ज्याला लोक 'रेरा' म्हणून ओळखतात, हा या बाबतीत ग्राहकाचा मोठा आधार आहे. त्याअन्वये ५०० चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या नव्या प्रकल्पांची नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीकृत करार झाल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाची माहिती राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते.

जुने घर असेल तर मालकीचा शोध घ्यावा. महाराष्ट्रात सात-बारा वा मिळकत पत्रिका, कर्नाटकात पहाणी, तमिळनाडूत पट्टा, उत्तरेत खसरा-खतौनी अशी या कागदांची नावे राज्यागणिक बदलतात. म्हणून परराज्यात त्या भागातील वकिलाचे साहाय्य घेणेच बरे. तीस वर्षांचे दस्तऐवज तपासून घ्यावेत आणि भोगवटा प्रमाणपत्र प्रत्यक्ष पाहावे. 'बँक कर्ज देते आहे, म्हणजे सारे ठीकच असणार' हा समज पुरेसा नाही. बँक पाहते ती आपले कर्ज सुरक्षित आहे की नाही. नळाला पाणी येते की नाही, हे पाहणे तिचे काम नव्हे.

आणखी एक कागद फार थोडे लोक पाहतात. तो म्हणजे शहराचा विकास आराखडा. खिडकीसमोरचे जे मोकळे रान पाहून आपण घराच्या प्रेमात पडतो, त्यातून आराखड्यात रुंद रस्ता आखलेला असू शकतो. उलट आज उजाड दिसणाऱ्या जागेवर शाळेचे वा उद्यानाचे आरक्षणही असू शकते. आज दिसणारी वस्ती आणि दहा वर्षांनंतरची वस्ती या दोहोंत आपल्याला राहावयाचे आहे.

माणसे कशी आहेत?

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू या. 'तिथली माणसे कशी आहेत हो?' असे आपण हमखास विचारतो. पण त्या साध्या प्रश्नाच्या पोटात कित्येकदा दुसराच प्रश्न दडलेला असतो : ती कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, काय खाणारी, कोणती भाषा बोलणारी? आपण हे मनाशी प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. याच प्रश्नापायी आपल्या शहरांतून कितीतरी भल्या कुटुंबांना पैसे हाती असूनही घर नाकारले जाते. उद्या परराज्यात आपण घर शोधू लागलो म्हणजे 'हे कोण, कुठले?' असा तोच प्रश्न आपल्याकडेही वळू शकतो.

आपल्या रेल्वेतील गृहस्थांना हे कोणी शिकवावे लागणार नाही. वसाहतीत एका भिंतीपलीकडे तमिळ कुटुंब, दुसऱ्या भिंतीपलीकडे बंगाली, समोर पंजाबी, अशीच त्यांची वर्षे गेली. मध्यरात्री मुलाला ताप भरला तेव्हा दार उघडणाऱ्याचे आडनाव त्यांनी विचारले नव्हते.

मग चांगल्या शेजाराची खूण कोणती? संध्याकाळी अंगणात मुले खेळतात काय, हे पाहावे. म्हातारी माणसे बाकावर बसून बोलतात काय, जिन्यातला केर कोणीतरी आपला समजून उचलते काय, वरच्या मजल्यावर कोणी आजारी असल्यास खालच्याला ठाऊक असते काय, हे पाहावे. गृहनिर्माण संस्थेची सभा वेळेवर भरते की नाही, जमाखर्च सर्वांपुढे ठेवला जातो की नाही, एवढे विचारल्याने पुष्कळ उलगडा होतो. शक्य तर त्या इमारतीतील एखाद्या भाडेकरूशी बोलावे. त्याला काही विकावयाचे नसते. दूधवाला, इस्त्रीवाला, रिक्षावाला यांनाही वस्तीचा स्वभाव चांगला ठाऊक असतो.

आणि आपण वस्तीला पारखीत असतो तेव्हा वस्तीही आपल्याला पारखीत असते. तेथील भाषेतली चार वाक्ये शिकून जाणाऱ्याचे स्वागत निराळे होते.

घाई नको

ज्यांना सवड आहे त्यांना एक मार्ग आवर्जून सुचवावासा वाटतो. त्याच वस्तीत निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याने राहावे. भाड्याचे पैसे वाया गेले असे काहींना वाटेल. परंतु जन्मभराच्या पुंजीच्या मानाने ती रक्कम फार थोडी असते.

इतके करूनही निर्दोष वस्ती सापडणार नाही. कुठे पाणी मुबलक पण बाजार लांब, कुठे शेजार प्रेमळ पण रस्ता अरुंद. तेव्हा कोणते दोष आपल्या कुटुंबाला सोसतील आणि कोणते मुळीच सोसणार नाहीत, याची यादी सर्वांनी मिळून आधी घरी बसून करावी. त्या यादीत नातीलाही एक ओळ लिहू द्यावी. ती बहुधा लिहील, 'खेळायला जागा हवी.' आणि ज्या वस्तीत मुलांना खेळावयास जागा असते, तिथे मोठ्यांच्याही ओळखी लवकर होतात.