लहानमोठे लावणे : जुने काम, नवे शिक्षण



दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मुरबाड-शहापूरकडची पोरे ठाण्याला, कल्याणला, नाहीतर डोंबिवलीला मामा-मावशीकडे राहायला जातात. परत आली की हल्ली एक नवीनच गोष्ट सांगतात. "बाबा, मी संगणकात मांजर चालवले!" आपण म्हणतो, असेल काही खेळ. पण पाठोपाठ मावशीचा फोन येतो. "इथे सगळी मुले कोडिंगच्या क्लासला जातात. तुम्हीही घाला. फी जरा जास्त आहे, पण नाही घातले तर पोर मागे पडेल."

झाले! घरात रात्रभर तोच विषय. बियाण्याचे पैसे बाजूला ठेवायचे की क्लासचे? आणि हे कोडिंग म्हणजे तरी काय?

पैसे भरण्याआधी हा लेख वाचा. मुलांना सोबत घेऊन वाचला तर फारच उत्तम.

मांजराचा खेळ

संगणक स्वतःच्या बुद्धीने काही करत नाही. त्याला एकेक पायरी सांगावी लागते. नवख्या गड्याला आपण सांगतो ना, "आधी बांध फोड, मग पाणी वळव, वाफा भरला की बांध घाल", तसेच. अशा ओळीने दिलेल्या सूचनांना प्रोग्रॅम म्हणतात, आणि त्या लिहिण्याला कोडिंग.

पूर्वी या सूचना टाइप कराव्या लागत. एक स्वल्पविराम चुकला की सगळे अडायचे, आणि मुले कंटाळायची. मुलांसाठी सोपी वाट काढण्याचे काम अमेरिकेत 1967 साली सुरू झाले. सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लोगो' नावाची भाषा तयार केली. मुलांनी सूचना द्यायची आणि कासवाने रेघ काढत चालायचे, असा तो प्रकार होता. त्याच परंपरेत पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत मिचेल रेझनिक यांच्या गटाने 'स्क्रॅच' तयार केले आणि 2007 साली ते सर्वांसाठी खुले केले. पोरे सांगतात ते मांजर याच स्क्रॅचमधले.

स्क्रॅचमध्ये टाइप करणे जवळजवळ नाहीच. पडद्यावर रंगीत ठोकळे असतात. चालण्याचे ठोकळे निळे, सुरुवात करून देणारे पिवळे, हिशेबाचे आणि तुलनेचे हिरवे. एकाला एक अडकवत जायचे. जो ठोकळा जिथे शोभत नाही तो तिथे बसतच नाही. 'हे दहा वेळा कर' असे सांगणारा ठोकळा जबडा उघडल्यासारखा असतो; त्याच्या तोंडात जे ठोकळे घालाल ते दहा वेळा होते. ठोकळ्यांवरचे शब्द इंग्रजीत असले तरी मुले रंग आणि आकार ओळखून चार दिवसांत सरावतात.

आणि मुख्य गोष्ट : स्क्रॅच फुकट आहे. एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालते. आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी ते बनवले आहे.

पाच चिठ्ठ्यांचा धडा

मांजर चालवून झाले की मुलांना क्रम लावायला शिकवतात. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावायचे. आता हे काम तुम्हाला का नवे आहे? भातानंतर लावलेली भेंडी तोडून आणली की घरच्या बाया कोवळी, मध्यम आणि जून वेगळी करतातच. फरक इतकाच, की आपण एका नजरेत करतो आणि संगणकाला एका वेळी दोनच वस्तू ताडून पाहता येतात.

त्याला हे कसे शिकवायचे? पाच चिठ्ठ्या घ्या. त्यांवर 7, 3, 9, 2, 5 असे आकडे लिहून ओळीने मांडा. नियम एकच : शेजारच्या दोन पाहायच्या, डावीकडची मोठी असेल तर अदलाबदल करायची, मग एक घर पुढे सरकायचे.

7 आणि 3 : बदला. 7 आणि 9 : ठीक. 9 आणि 2 : बदला. 9 आणि 5 : बदला. ओळ झाली 3, 7, 2, 5, 9. पाहा, सगळ्यात मोठा आकडा आपोआप टोकाला गेला! पाण्यातून बुडबुडा वर यावा तसा, म्हणून या रीतीला बुडबुड्याचेच नाव आहे. आता 9 सोडून उरलेल्या चारांवर तेच करा, मग तिघांवर, मग दोघांवर. शेवटी 2, 3, 5, 7, 9 अशी ओळ लागेल. चार, तीन, दोन आणि एक मिळून दहा वेळा ताडून पाहावे लागले.

अदलाबदल करताना मात्र मुले हमखास अडतात. एका तांब्यात दूध आहे, दुसऱ्यात ताक. दुधाच्या तांब्यात ताक आणि ताकाच्या तांब्यात दूध हवे असेल तर काय कराल? तिसरे रिकामे भांडे लागेल. संगणकातही असेच तिसरे रिकामे घर ठेवावे लागते, नाहीतर एक आकडा दुसऱ्यावर पडून पुसला जातो. हे एकदा कळले की निम्मा धडा झाला.

रीत बदलली की कष्ट वाचतात

पाच चिठ्ठ्यांना दहा तुलना लागल्या. हजार चिठ्ठ्या असतील तर? याच रीतीने 4,99,500 तुलना! म्हणून दुसरी रीत शोधली गेली. हजारांचे दोन भाग करा, त्या भागांचे पुन्हा भाग करा, लहान भाग आधी लावून घ्या आणि मग लावलेल्या दोन ओळी एकत्र करा. शाळेच्या दोन तुकड्या उंचीप्रमाणे उभ्या असतील तर त्यांची एक रांग करताना दोन्ही रांगांतल्या पहिल्याच पोराकडे पाहावे लागते ना, तसेच. ही रीत जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने 1945 साली मांडली. हजार चिठ्ठ्यांचे काम तिने दहा हजार तुलनांच्या आत होते. संगणक तोच, चिठ्ठ्या त्याच; शहाणपण रीतीत आहे.

तिसरी रीत तर आपल्याच माणसांची. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवण्याचे काम सुरू केले. मावळ, खेड, जुन्नरकडच्या शेतकरी घरांतली माणसे ते करत आली. स्टेशनवर डबेवाला एक डबा दुसऱ्याशी ताडून पाहत नाही. झाकणावरची खूण पाहतो आणि डबा थेट त्या-त्या ठिकाणच्या गटात ठेवतो. खूण आधीच ठरलेली असेल तर तुलनेची गरजच उरत नाही. हेच तत्त्व आज संगणकशास्त्रात शिकवतात.

क्रम कशावरून?

आता सगळ्यात महत्त्वाचे. ठाण्याहून कल्याणला धीम्या गाडीने जाताना ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण अशी स्टेशने लागतात. हीच नावे अक्षरांच्या क्रमाने लावली तर कल्याण पहिले आणि मुंब्रा शेवटचे येते. दोन्ही क्रम बरोबर आहेत. पण उतरायचे असेल त्याने कुठला क्रम धरायचा?

संगणकाला आकडे 'आकडे' म्हणून न देता 'अक्षरे' म्हणून दिले तर तो 1, 10, 11, 2, 20, 3 अशी ओळ लावतो. कारण अक्षरांच्या हिशेबात तो फक्त पहिले चिन्ह आधी पाहतो. समजा, तुमच्या जमिनीचा गट नंबर 9 आहे आणि यादी अशी लावलेली आहे. तुम्ही 8 आणि 10 च्या मध्ये शोधाल आणि "आपले नाव नाही" म्हणून परत फिराल. नाव असते, पण 89 च्याही खाली. अर्जाची मुदत मात्र निघून जाते. म्हणून कुठलीही यादी पाहताना विचारा : क्रम कशावरून लावला आहे? हा प्रश्न विचारणारे पोर घरात असणे, हाच या शिक्षणाचा खरा लाभ.

मग क्लासचे काय?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आणावे असे म्हटले आहे. आय. आय. टी. मुंबईच्या प्रा. श्रीधर अय्यर यांच्या पुढाकाराने शाळांसाठी झालेल्या 'कॉम्प्युटर मस्ती' या पुस्तकांतही स्क्रॅच आहे. तेव्हा विषय कामाचा आहे, यात शंका नाही. पण त्यासाठी कर्ज काढायची किंवा बियाण्याच्या पैशाला हात लावायची गरज नाही. भीती दाखवून फी मागणाऱ्याला एकच विचारा : जे फुकट मिळते त्याहून वेगळे तुम्ही काय शिकवणार? नीट उत्तर मिळाले आणि परवडत असेल तर जरूर घाला.

तोवर आज रात्री जेवणे झाली की पाच चिठ्ठ्या करा. मुलीला संगणक करा आणि मुलाला सूचना देऊ द्या. मग उलट करा. आजीलाही खेळात घ्या. मांजर पुढच्या सुट्टीत चालेल. क्रम लावायला आजपासून शिकता येते.