वेल्माने ओढलेला मुखवटा

शाळेतून आलं की दप्तर कोपऱ्यात आणि टीव्हीवर कार्टून नेटवर्क. 'स्कूबी डू'मधला भला थोरला पण भित्रा कुत्रा, त्याच्याहून भित्रा शॅगी, आणि माझी लाडकी, जाड भिंगांची वेल्मा. शेवटी भुताचा मुखवटा ओढला की आत रखवालदार, नाहीतर तस्कर. त्या ओढण्यातच खरी गंमत होती.

त्याच काळात एका सुट्टीत कोकणातल्या आजोळी रात्री माळ्यावर कुणीतरी धावू लागलं. आजी म्हणाली, "मुंजा असेल, गप झोप." मी माळ्यावर भाकरीचं पीठ भुरभुरलं. सकाळी त्यात पंजे उमटलेले. उदमांजर! पीठ नासल्याबद्दल धपाटा मिळाला, तपासाचं वेड मात्र जडलं ते कायमचं.

मालिकेची कुळकथा थोडक्यात उरकतो. जो रुबी आणि केन स्पीअर्स यांची ही निर्मिती १३ सप्टेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सीबीएसवर आली. कुत्रा रेखाटला इवाओ ताकामोतो यांनी. ग्रेट डेन जातीचे कुत्रे पाळणाऱ्या जाणकार बाईंनी उत्तम कुत्र्याची लक्षणं सांगितली आणि ताकामोतोंनी नेमकी उलटी काढली: फेंगडे पाय, दुहेरी हनुवटी. पुढच्या काही मालिकांत आणि चित्रपटांत खरीखुरी भुतं घुसवली, ते मला आजही पटलेलं नाही.

आता माझ्या आवडीच्या भुताकडे वळतो. विक टँडी हा इंग्लंडमधला अभियंता वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत रात्री एकटा काम करत होता. अंगाला दरदरून घाम फुटला, उगाच उदास वाटू लागलं, डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली. वळून पाहिलं तर काहीच नाही! दुसरा कुणी असता तर त्याने गंडा बांधला असता. टँडी तलवारबाजी खेळायचा. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी त्याने आपलं पातं शेगड्यात आवळलं, तर ते आपोआप थरथरू लागलं. त्याने ते खोलीभर सरकवत नेलं. मध्यभागी थरथर सर्वांत जास्त, भिंतीशी थांबलेली. मूळ सापडलं नव्या एक्झॉस्ट पंख्यात. त्याच्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांची लहर उभी राहत होती. इतका खालचा आवाज कानाला ऐकू येत नाही. पंख्याची बसवणी बदलली आणि लहर गेली. १९९८ साली त्याने यावर शोधनिबंध लिहिला, नंतर कॉव्हेंट्रीतलं चौदाव्या शतकातलं एक तळघरही तपासलं. पुढे लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधल्या प्रयोगात अशा लहरींचा ठोस परिणाम आढळला नाही, हे मला मुकाट्याने मान्य करावं लागतं. पण थरथरतं पातं सरकवत खोलीभर फिरणारा तो माणूस माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे भुताखेतांमागचं खरं कारण शोधायचं हेच काम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी केलं. समिती १९८९ साली स्थापन झाली. भानामती म्हणजे घरावर दगड पडणं, दांडीवरचे कपडे पेटणं. कार्यकर्ते मुक्काम करायचे, घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलायचे. बहुधा हात घरातल्याच कुणाचा तरी निघायचा: सासरी घुसमटलेली सून, दुर्लक्षित पोर. मुखवट्यामागे चोर नसतो, गांजलेलं माणूस असतं, हे वेल्माने शिकवलं नव्हतं. तिने चारचौघांत मुखवटा ओढला असता. कार्यकर्ते त्या व्यक्तीला एकांतात गाठून समजावायचे. दगड थांबायचे, आणि ते कुणी मारले होते, हे गावाला सांगितलं जायचं नाही.