गोणपाटातला आनंद

मिरग तोंडावर आला की पाथरीकडच्या घरांत ओलं गोणपाट अंथरलं जातं. त्यावर सोयाबीनचे 100 दाणे, दहा-दहाच्या ओळीत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एमएयूएस 612 असो की घरचं राखलेलं बी, गुंडाळी सावलीत ठेवायची, पाणी शिंपडायचं, आठवड्याभरात मोड मोजायचे. 70 निघाले की बियाणं पेरायला चाललं.

त्या गुंडाळीत काय घडतं, हे कळलं तेव्हा मी हरखूनच गेले!

बियांत मेदाम्लांपासून बनलेली काही द्रव्यं असतात, एनएई नावाची. आपल्या मेंदूतल्या आनंदामाइडची ही चुलत भावंडं. गांजातलं नशेचं द्रव्य मेंदूतल्या ज्या कुलपात बसतं, त्याच कुलपाची शरीरातली किल्ली म्हणजे आनंदामाइड. 1992 साली जेरुसलेमला राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं आणि बारसं झालं थेट संस्कृत 'आनंद' शब्दावरून.

झाडांत तसलं कुलूपच नाही. तिथं ही भावंडं कोवळ्या रोपाला आवर घालतात. बाहेरून जास्त दिली, तर मूळ आखडतं.

मग मोड फुटतो कसा? बी भिजलं की विकरं कामाला लागतात. एक विकर एनएईचे सरळ दोन तुकडे करतं. दुसरं, लिपॉक्सिजनेज, त्यावर ऑक्सिजन चढवतं. त्याच्या पोटात लोहाचा एकच अणू, करामत सगळी त्याची. ते चोखंदळही भारी: साखळीत दोन दुहेरी बंध आणि मध्ये एकच कार्बन, अशी जागा सापडली तरच हात लावतं. या दोन्ही वाटा भिजलेल्या सरकीत एकत्र दिसल्या त्या 2002 मध्ये, टेक्सासच्या केंट चॅपमन यांच्या गटाला. सरकी म्हणजे पाथरीच्या ओळखीचंच बी!

पण ऑक्सिजन चढलेला माल टाकाऊ नसतो. मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिसच्या रोपांना तसं एक द्रव्य दिलं, तर त्यांची पहिली पानं पांढरी पडली.

कच्चं सोयाबीन भिजवून वाटलंय कधी? नाकात शिरणारा तो हिरवट, उग्र वास याच लिपॉक्सिजनेजनं सुरू केलेला. दाणा फुटून पाणी लागलं की ते तेलातल्या मेदाम्लांवर तुटून पडतं. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं एनआरसी 132 या वाणातून त्यातलं एक लिपॉक्सिजनेज काढूनच टाकलंय. घरी सोयादूध करायचं तर दाणे उकळत्या पाण्यात घालूनच वाटा. विकर तिथल्या तिथे निकामी होतं आणि तो वास उठत नाही.