बैलाचे बाशिंग बोटाएवढे झाले तर...

पोळा जवळ आला की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठल्याही आठवडी बाजारात जा. पुठ्ठ्यावर गुलाबी-हिरवा पतंगी कागद, त्यावर बेगडीचे चकचकीत ठिपके, कडेला झालर अशी बैलांची बाशिंगे ओळीने टांगलेली दिसतात. पोळ्याची कर झाली की तीच उकिरड्यावर. त्यातच आता ट्रॅक्टर आले, दावणीचे बैल कमी झाले आणि कारखान्यातून तयार सजावटही येऊ लागली. मग ज्यांच्या बोटांत हे कातरकाम आहे, त्यांनी काय करायचे?

वाचकहो, हेच बाशिंग इंच-दोन इंचांचे करून बघा. हाताने केलेल्या शुभेच्छापत्रावर, आहेराच्या पाकिटावर किंवा मुलाबाळांचे फोटो लावायच्या चिकटवहीत असली बारीक नक्षी शोभते. शहरातली हौशी मंडळी ती विकत घेतात. कुणी म्हणेल, कागदानं का पोट भरतंय? नुसत्या कागदाने नाही भरत, पण त्यावरच्या हाताला किंमत मिळते. सावंतवाडीचा गंजिफा बघा. कागद-कापडाच्या थरांवर चिंचोक्याची खळ देऊन केलेली ही गोल, हाताने रंगवलेली पाने. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची प्रत्येकी 12, म्हणजे 120 पाने लागतात. ही कला संपत आली होती. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. आज गंजिफा खेळणारे फार नाहीत, तरी लोक ती पाने हौसेने नेतात.

चिंचोके आपल्याकडे काय कमी आहेत? भाजून टरफल काढा, रात्रभर भिजवा, वाटून पाण्यात शिजवा. गुठळी राहू देऊ नका. खळीला कीड लागू नये म्हणून जुने बुकबाइंडर चिमूटभर मोरचूद टाकत. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे पोरांच्या हाती द्यायची चिकटवही असेल तर तो टाकूच नका, खळ रोज ताजी करा. कागद दुमडून अर्धी नक्षी कातरली की उघडल्यावर दोन्ही बाजू सारख्या येतात. कातरी लहान आणि धारदार हवी. बेगड शेवटी, अगदी थोड्या खळीने लावावी. खळ जास्त झाली की सुरकुती पडते आणि सगळी मेहनत पाण्यात.

रंगासाठी दुकानात जायचे कारण नाही. वसमतची हळद घरात आहेच. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की पिवळ्याचा तांबडा होतो. कुंकू करण्याची जुनी रीत हीच. मात्र हळदीचा रंग उन्हात उडतो. म्हणून हे काम वहीच्या आतल्या पानाला चालेल, भिंतीवर टांगायच्या चित्राला नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे.

कागदाचे मात्र नीट बघा. वर्तमानपत्राचा कागद (आमचाच धरा) थोड्याच दिवसांत पिवळा पडतो, चिकटवहीत तो नकोच. सुती चिंध्यांचा हातकागद टिकतो. मराठवाड्याला तो नवा नाही: दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्याचे नावच कागदावरून पडले. पुण्यात 1940 साली हातकागद संस्था निघाली. आणि सरावाला लग्नपत्रिका आहेतच. लग्नसराई संपली की घरोघर त्यांचा ढीग असतो, पुठ्ठा जाड आणि सोनेरी छपाई आयती.

आता हिशोब. समजा एक पाकीट वीस मिनिटांत झाले आणि 10 रुपयांना गेले, तर तासाचे 30 रुपये. त्यातून कागद, बेगड वजा. तेवढ्या वेळात निंदणीला गेल्यास काय पडते, ते ज्याचे त्याने मोजावे. आमचे मत स्पष्ट आहे: फुलापानाचे साधे कार्ड करून शिवकाशीच्या छापील मालाशी स्पर्धा करू नका, त्यात मार खाल. दुसरीकडे मिळत नाही तेच करा. पोळ्याचे बाशिंग, औंढ्याच्या नागनाथ मंदिराची कातरलेली आकृती, नर्सीच्या नामदेवांचे टाळ. औंढ्याला भाविक बारमाही येतात, नर्सीला पंजाबातूनही येतात. त्यांनी घरी काय न्यावे?

बचत गटाच्या महिलांनी 'उमेद'च्या तालुका कक्षात चौकशी करावी. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गटांचा माल विकला जातो. पण तिथवर जाण्याआधी गावातल्याच पुढच्या लग्नात पंचवीस पाकिटे विकून बघा. पावसाळ्यात केलेला माल पत्र्याच्या पेटीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवा आणि पेटी जमिनीला टेकवू नका, खाली दोन विटा द्या.